आईचं दुसरं घड्याळ

येत्या रविवारी, ११ मे रोजी, भारतात आणि अमेरिकेत मदर्स डे आहे. व्हॉट्सॲपच्या सगळ्या ग्रुप्सवर आत्तापासूनच फुलांचे फोटो आणि आईवरच्या कविता यायला लागल्या आहेत. आमच्याकडे इंग्लंडमध्ये मात्र हा दिवस कधीच होऊन गेला. इथला मदर्स डे मार्चमध्ये येतो. यंदा तो ३० मार्चला होता. गंमत म्हणजे त्याच दिवशी गुढीपाडवा होता आणि त्याच पहाटे इथली घड्याळं एक तास पुढे गेली. तीन गोष्टी एकाच रविवारी! माझी आई असती तर पाडवा आणि घड्याळ एका दिवशी आल्याचं तिने नवं कालनिर्णय हातात पडल्या पडल्या शोधलं असतं आणि मला फोन करून सांगितलं असतं.

आईला जाऊन आता दीड वर्ष होत आलं. त्या रविवारी आमच्या घरात जे झालं ते लिहून ठेवावंसं वाटलं, म्हणून हा लेख.

मी गेली नऊ वर्षं रेडिंगला राहते. लंडनपासून पश्चिमेला, ट्रेनने साधारण अर्ध्या तासावर. माहेर कराडचं. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंग केलं, काही वर्षं हिंजवडीत नोकरी केली आणि मग नवऱ्याबरोबर इकडे आले. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाली तरी गल्लीतली निम्मी पोरं तिला बाईच म्हणायची.

इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात आईने दोनदा मला रात्री अडीच वाजता उठवलं. तिकडे सकाळचे आठ वाजलेले, तिची पूजा आटोपलेली, चहा झालेला. ‘‘अगं, झोपली होतीस का?’’ असं तिने इतक्या निरागसपणे विचारलं की रागवताही येईना. तिसऱ्या दिवशी ती बाजारात गेली आणि भिंतीवरचं एक साधं पांढरं घड्याळ घेऊन आली. स्वयंपाकघरात जुन्या घड्याळाच्या शेजारी ते टांगलं आणि त्यात इंग्लंडची वेळ लावली. घरात त्याचं नावच पडलं, ‘राणीचं घड्याळ’. राणी म्हणजे मी. भांडी घासायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘‘बाई, तुमचं ते घड्याळ चुकीचं चाललंय.’’ आई म्हणाली, ‘‘चुकीचं नाही, ते माझ्या मुलीचं आहे.’’

तेव्हापासून तिचा फोन कधीही अवेळी आला नाही. मी सकाळी डबा भरत असताना यायचा, संध्याकाळी ट्रेनमधून उतरून घरी चालत येताना यायचा. ऑफिसच्या वेळेत कधीच नाही.

पण मार्च आला आणि आईचं गणित बिघडलं. इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे एक वाजता घड्याळं एकदम दोनवर नेतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे आणतात. उन्हाळ्यातला उजेड वाया जाऊ नये म्हणून विल्यम विलेट नावाच्या एका बांधकाम व्यावसायिकाने ही कल्पना मांडली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, तिचा कायदा झाला. त्यामुळे हिवाळ्यात भारत आमच्यापुढे साडेपाच तास असतो आणि उन्हाळ्यात साडेचार. मी हे सगळं आईला फोनवर समजावून सांगितलं. ती सगळं ऐकून म्हणाली, ‘‘म्हणजे तुमचं सरकार पाडव्याच्या सुमाराला एक तास उसना घेतं आणि दिवाळीच्या सुमाराला परत करतं. व्याज नाही का देत?’’

माझं कामच वेळेशी संबंधित आहे. ठरलेल्या वेळी ठरलेला संदेश जायला हवा, अशा सिस्टिम्स मी बनवते. घड्याळं बदलण्याचा शनिवार-रविवार आला की आमच्या टीमच्या पोटात गोळा येतो. मार्चमध्ये एक ते दोन हा तास अस्तित्वातच नसतो. ऑक्टोबरमध्ये तोच तास दोनदा येतो. म्हणून आम्ही सर्व्हरवर सगळ्या वेळा यूटीसीमध्ये ठेवतो आणि ज्याला दाखवायची त्याच्या गावाची वेळ करून दाखवतो. आईला यूटीसी माहीत नव्हतं. पण कालनिर्णयवर दूधवाल्याचा हिशेब, गॅसचा नंबर लावल्याची तारीख आणि वाढदिवस लिहिता लिहिता ती मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहायची, ‘राणीचं घड्याळ पुढे’, ‘राणीचं घड्याळ मागे’. त्या दिवशी स्टुलावर चढून ती काटे फिरवायची आणि मग मला फोन करायची. ‘‘बदललं गं मी. तू बदललंस ना?’’ सात वर्षांत ती एकदाही चुकली नाही. आमच्या सिस्टिमबद्दल मी असं म्हणू शकणार नाही.

डिसेंबर २०२३ मधला गुरुवार होता. सकाळी साडेदहा वाजता मी मीटिंगमध्ये असताना आईचा फोन आला. मी तो कट केला आणि मेसेज टाकला, ‘मीटिंग आहे, नंतर करते.’ दुपारी एक काम अडकलं. संध्याकाळी रिलीज लांबली. लॅपटॉप मिटला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मनात आलं, तिकडे पहाटेचे साडेचार, झोपली असेल, उद्या सकाळी करू. साडेबाराला फोन वाजला. बाबांचा होता. तिकडे सकाळचे सहा. आईला पहाटे छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

मी कराडला पोचेपर्यंत तिला नेलेलं होतं. अस्थी विसर्जनाला तेवढी मिळाले. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन भेटतात त्या प्रीतिसंगमावर आम्ही उभे होतो. लहानपणी सुट्टीत आई आम्हाला तिथे भेळ खायला घेऊन जायची. कोणीतरी मागून म्हणालं, लग्न झालेल्या मुलीला तीनच दिवसांचं सुतक असतं. शास्त्र तसं सांगत असेल. माझ्या डोक्यात मात्र एकच प्रश्न फिरत होता, पुढे वर्षभर तोच फिरत राहिला. एरवी कधीही ऑफिसच्या वेळेत फोन न करणाऱ्या आईने त्या दिवशी का केला? तिला बरं वाटत नव्हतं का? मला सांगायचं होतं का? बाबांना विचारायचं धाडस झालं नाही. काय उत्तर येईल याची भीती वाटायची.

वर्षश्राद्धाला गेल्या डिसेंबरमध्ये कराडला गेले तेव्हा स्वयंपाकघरात दोन्ही घड्याळं जागच्या जागी होती. आईचं पांढरं घड्याळ बंद होतं. शेजारी २०२४ चं कालनिर्णय टांगलेलं. सहज मार्चचं पान उलटून पाहिलं. ३१ तारखेच्या चौकटीत आईचं अक्षर होतं, ‘राणीचं घड्याळ पुढे’. ऑक्टोबरचं पान काढलं. २७ तारखेला, ‘मागे’. जाण्यापूर्वीच तिने नवं कॅलेंडर आणून पुढच्या सगळ्या वर्षाच्या नोंदी करून ठेवल्या होत्या. बाबा चहा घेऊन आले, म्हणून मी पान मिटलं. तेही काही बोलले नाहीत आणि मीही नाही.

इंग्लंडमध्ये फेब्रुवारी संपता संपता दुकानांच्या ईमेल सुरू होतात. आईला फुलं पाठवा, चॉकलेटं पाठवा. अलीकडे त्यांच्याआधी आणखी एक ईमेल येते. हा दिवस काही जणांना अवघड जातो याची आम्हाला कल्पना आहे, या वर्षी मदर्स डेची जाहिरात नको असेल तर इथे कळवा, अशा अर्थाची. इंजिनीअर म्हणून मला माहीत आहे की यामागे डेटाबेसमध्ये एक साधा रकाना असतो. त्यात ‘हो’ किंवा ‘नाही’. मी दोन्ही वर्षं ‘नको’ केलं. पहिलं वर्ष तसं सोपं गेलं. आई गेल्याचं वर्ष, त्यामुळे घरात कुठलाच सण केला नाही. यंदाही गुपचूप निभावून नेऊ असं वाटलं होतं.

पण सात वर्षांच्या मुलीला असा कुठला रकाना नसतो. शुक्रवारी ती शाळेतून आली ती तीन कार्डं घेऊन. एक माझं, एक आजीचं. माझ्या सासूबाई सध्या आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. तिसऱ्या कार्डावर पिवळ्या डॅफोडिल्सचं चित्र आणि खाली रविवारच्या मराठी शाळेत शिकलेल्या अक्षरात लिहिलेलं, ‘कारडची आजी’.

‘‘आई, हे कुठे पोस्ट करायचं?’’

मी कार्ड हातात घेतलं, ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि म्हणाले, ‘‘नंतर बघू हं.’’

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. नंतर करते. नंतर बघू.

रात्री ती झोपल्यावर तिच्या दप्तरातला शाळेचा कागद वाचत बसले. मदर्स डेचा इतिहास सोप्या भाषेत दिला होता. मग मी आणखी थोडं वाचलं. नऊ वर्षं इथे राहून मला हे ठाऊक नव्हतं. इथे या दिवसाचं जुनं नाव ‘मदरिंग संडे’. ईस्टरच्या आधी ख्रिश्चन लोकांचा लेंट नावाचा उपवासाचा काळ असतो, त्यातला हा चौथा रविवार. म्हणून तारीख दरवर्षी बदलते, आपल्या सणांसारखी. पूर्वी या दिवशी लोक आपल्या मूळ गावच्या चर्चला, म्हणजे ‘मदर चर्च’ला जायचे. मोठ्या घरांमधून कामाला राहिलेल्या मुलींना आणि उमेदवारी करणाऱ्या मुलांना या रविवारी सुट्टी मिळायची. ही मुलं चालत आपल्या घरी जायची आणि वाटेत रानफुलं तोडून आईसाठी न्यायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही प्रथा मागे पडत चालली होती. नॉटिंगहॅमच्या कॉन्स्टन्स पेन्सविक-स्मिथ या बाईंनी १९१३ पासून पुढे आयुष्यभर खटपट करून ती पुन्हा रुजवली.

म्हणजे हा दिवस मुळात लांब नोकरीला असलेल्या मुलींनी घरी जायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर माहेरपणाचा. परक्या घरी राबणारी ती इंग्लंडची मुलगी आणि परक्या देशात कीबोर्ड बडवणारी मी, आमच्यात मला फारसा फरक वाटेना. फक्त तिला जायला घर होतं. आई गेल्यावर माहेर कुठे असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

अमेरिकेतल्या, म्हणजे येत्या रविवारच्या मदर्स डेची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. ॲना जार्विस या बाईंची आई ९ मे १९०५ रोजी वारली. तिच्या स्मरणार्थ १९०८ च्या मे महिन्यात वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये प्रार्थनासभा झाली. ॲनाने आईची आवडती पांढरी कार्नेशनची पाचशे फुलं तिथे पाठवली. १९१४ मध्ये अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मे महिन्याचा दुसरा रविवार अधिकृत केला. पुढे फुलवाल्यांनी आणि कार्डवाल्यांनी त्याचा बाजार मांडल्यावर हीच ॲना त्यांच्याविरुद्ध अखेरपर्यंत भांडत राहिली. ‘मदर्स’ हा शब्द तिने मुद्दाम एकवचनी ठेवला होता. जगातल्या सगळ्या आयांचा नव्हे, ज्याच्या त्याच्या एका आईचा दिवस. मी हे दोनदा वाचलं. ज्या दिवसापासून मी पळत होते, तो सुरूच केला होता आई गेलेल्या एका मुलीने.

आणि आपल्याकडे काय वेगळं आहे? श्रावणातल्या अमावास्येला पिठोरी असते, तोच आपला मातृदिन. आई त्या दिवशी चौसष्ट योगिनींची पूजा करायची, खीर-पुरीचा नैवेद्य करायची. मग आमच्याकडे पाठ करून बसायची, वाण खांद्यावरून मागे धरायची आणि विचारायची, ‘‘अतीत कोण?’’ मागून मी आणि दादा ओरडायचो, ‘‘मी!’’ मी इकडे आल्यावरही तिने यात खंड पडू दिला नाही. बाबांना मागे फोन धरून उभं करायची, माझ्या चेहऱ्यासमोर ताट धरायची आणि विचारायची, ‘‘अतीत कोण?’’ मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून दबक्या आवाजात ‘मी’ म्हणायचे. ‘‘ऐकू नाही आलं!’’ मग जरा मोठ्याने. येणारे-जाणारे सहकारी बघत राहायचे. आणि खीर बाबा खायचे.

शनिवारी सकाळी सासूबाईंनी विचारलं, ‘‘उद्या गुढी उभारायची ना? वर्ष झालंय आता.’’

‘‘आई, बघू.’’

त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने चहा पिता पिता म्हणाल्या, ‘‘माझी आई जाऊन एकतीस वर्षं झाली. अजून लोणचं घालताना मीठ तिला विचारूनच घालते मी.’’

‘‘काय म्हणतात त्या?’’

‘‘कमी म्हणते. नेहमी कमीच म्हणायची.’’

कितीतरी दिवसांनी मी हसले. मग आम्ही तिघी कामाला लागलो. इंडियन स्टोअरमधून कडुलिंबाचं छोटं पाकीट आणलं. टोमॅटोच्या झाडांना आधाराला आणलेला बांबू नवऱ्याने शेडमधून काढून दिला. साखरेच्या गाठी सासूबाईंनी बॅगेतून आणल्याच होत्या. ग्रीक योगर्ट फडक्यात बांधून टांगलं. गुढीला वस्त्र काय लावायचं, यावर मात्र मी गप्प झाले. कपाटात खाली एका पिशवीत आईची एक इरकल होती. हिरवी, लाल काठांची. दादाच्या मुलाच्या मुंजीत नेसायला घेतलेली, पण ती वेळ आलीच नाही. डिसेंबरमध्ये मी ती घेऊन आले होते आणि पिशवीची गाठही सोडली नव्हती. मी ती आणून सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी काठावरून हात फिरवला.

‘‘घडीसुद्धा मोडलेली नाही. कोरीच आहे. गुढीला अगदी योग्य.’’

रविवारी सकाळी फोनने आपलं आपण घड्याळ पुढे केलं होतं. ओव्हनचं आणि हॉलमधलं मी केलं. मागच्या बागेच्या दारापाशी गुढी उभी राहिली, वर तांब्या, त्याखाली आईची हिरवी इरकल. शेजारच्या आजीबाईंनी कुंपणावरून विचारलं, आज काय आहे? माझी लेक म्हणाली, ‘‘आमचं न्यू इयर आहे आणि मदर्स डे पण.’’ त्यांनी आत जाऊन आपल्या बागेतली चार डॅफोडिल्स आणून तिला दिली.

दहा वाजता बाबांना व्हिडिओ कॉल लावला. फोन उचलला तेव्हा बाबा दिसलेच नाहीत. स्वयंपाकघराचं छत दिसत होतं आणि स्टूल सरकवल्याचा आवाज येत होता.

‘‘बाबा, काय करताय? पडाल!’’

‘‘अगं, घड्याळ काढलंय खाली. थांब.’’ मग त्यांचा चेहरा आला. मांडीवर आईचं पांढरं घड्याळ. ‘‘नवा सेल आणला काल. पाडव्याला चालू करावं म्हटलं. तुमच्याकडं नऊ ना गं? साडेपाच तास मागं?’’

माझी लेक फोनवर झेपावली. ‘‘नाही आजोबा! दहा! आज पुढे गेलं! पुढे करा!’’

‘‘हां, हां. आजच नाही का ते. ती सांगायची दरवेळी. मला कुठलं लक्षात राहायला.’’ बाबांनी काटा फिरवला. मग घड्याळ तसंच मांडीवर ठेवून ते थोडा वेळ गप्प राहिले. ‘‘राणी, तुला एक सांगायचं होतं. तुझी आई गेली त्याच्या आठ-पंधरा दिवस आधीपासनं म्हणत होती, हे मागं पडतंय, सेल आणा. मी आणतो आणतो म्हणत राहिलो. शेवटच्या दिवशी तिनं तुला फोन केला ना, तेव्हा ह्यात आठच वाजले होते. म्हणाली, राणी अजून घरीच असेल, विचारून घेते. तू मीटिंगला होतीस. मग तिला कळलं घड्याळ चुकलंय म्हणून. मी सेल आणला असता, तर ती नीट वेळ बघून फोन करती. तुमचं बोलणं तरी झालं असतं शेवटचं.’’

मला काही सुचेना. पंधरा महिने मी जो प्रश्न विचारायला घाबरत होते, त्याचं उत्तर बाबांनी तितकेच महिने स्वतःचा अपराध म्हणून बाळगलं होतं.

‘‘बाबा, तिला काय विचारायचं होतं?’’

‘‘काही नाही गं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा मुलगा लंडनला यायचा होता. त्याच्याबरोबर मेतकूट देऊ का भाजणी, ते विचारायचं होतं. एकच पुडी नेतो म्हणालेला.’’

‘‘तिला बरं नव्हतं का?’’

‘‘छे! संध्याकाळी मंडईत जाऊन आली की. तुझा मेसेज वाचून मला दाखवला. म्हणाली, बघा, घड्याळ कामाचं राहिलं नाही, पोरीला उगाच मीटिंगमधनं उठवलं.’’

‘‘बाबा, फोन मी घ्यायला हवा होता. आणि रात्री तरी करायला हवा होता.’’

‘‘पहाटे साडेचारला?’’ बाबा म्हणाले. ‘‘ओरडली असती तुझ्यावर.’’

मी रडले. तिकडे बाबांनी चष्मा काढून पुसला. सासूबाई मुलीला श्रीखंड ढवळायला आत घेऊन गेल्या. थोड्या वेळाने बाबा पुन्हा स्टुलावर चढले, दादाने खालून धरलं होतं, आणि घड्याळ भिंतीवर लागलं. फोनमधून टिकटिक ऐकू येत नव्हती, पण लाल सेकंदकाटा हलताना दिसत होता. मी विचारलं, ‘‘काय दिलं मग तिने? मेतकूट की भाजणी?’’ बाबा म्हणाले, ‘‘दोन्ही बांधून ठेवलेलं होतं. तो पोरगा दिवसाला आला, त्याला काय देणार? आम्हीच खाल्लं.’’

दुपारी जेवताना लेकीने मला आणि आजीला कार्डं दिली. मग मी ड्रॉवर उघडून तिसरं कार्ड काढलं आणि तिला म्हणाले, चल, पत्ता लिहू. ती एक क्षण थांबली. ‘‘पण कराडची आजी तर नाहीये ना? मग वाचणार कोण?’’ मी म्हणाले, आजोबा वाचतील आणि जिथे आजीचं घड्याळ आहे तिथे लावतील. तिला ते पटलं. नीट विचार करून तिने आत आणखी एक ओळ लिहिली, ‘आजोबांनी आज बरोबर केलं.’ सोमवारी आम्ही दोघी चालत पोस्टात गेलो. वाटेत रस्त्याच्या कडेला डॅफोडिल्स होती. पण ती कौन्सिलची, तोडायची नसतात.

आई गेल्यावर माहेर राहतं का, याचं माझ्यापुरतं उत्तर असं आहे की बाबांनी सेल आणला म्हणजे आहे. पण एवढंच नाही. परवा लेक विचारत होती, मोठी झाल्यावर मी दुसऱ्या देशात गेले तर तू पण घड्याळ लावशील का? म्हणजे आता पाळी माझी. पिठोरी अमावास्या येत्या ऑगस्टमध्ये आहे. सासूबाई तोवर परत गेलेल्या असतील, पण खिरीचं प्रमाण त्यांनी लिहून दिलं आहे. ताट खांद्यावरून मागे धरून ‘अतीत कोण?’ असं या वेळी मला विचारायचं आहे. इतकी वर्षं फक्त ‘मी’ म्हणायची सवय. आवाज फुटेल का माहीत नाही, पण विचारणार आहे.

ज्यांची आई आहे, त्यांनी रविवारी तिला फोन करावा हे मी सांगायला नको. करालच. ज्यांची नाही, त्यांना एवढंच सांगेन की घरात तिच्या मागे जे कोणी राहिलं आहे, त्यांना तिच्याबद्दल विचारा. आपल्याला उत्तराची भीती वाटते आणि तिकडे ते आपल्या प्रश्नाची वाट बघत असतात.

कार्ड पोचायला साडेतीन आठवडे लागले. मागच्या आठवड्यात मी कामात असताना फोनवर बाबांचा मेसेज दिसला. सोबत फोटो. दोन घड्याळं शेजारी शेजारी आणि पांढऱ्या घड्याळाच्या खाली, टाचणीने लावलेली पिवळी डॅफोडिल्स. खाली लिहिलं होतं, ‘कारडला कार्ड मिळाले. तुमच्याकडे आता साडेतीन वाजले ना?’

मी लॅपटॉपच्या कोपऱ्यात पाहिलं. साडेतीनच वाजले होते. मी मीटिंगमधून उठले आणि फोन लावला.